चारचौघांत एकटें

गिरगांवांतील जुन्या चाळींचें ज्यांना स्मरण आहे, त्यांना सायंकाळच्या वेळचा एक प्रसंग सहज आठवेल. पायांत चपला घालून कोणी जिन्याकडे निघालें, कीं गॅलरींत धान्य निवडीत बसलेल्या किंवा कठड्याला टेकून उभ्या असलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून एकच प्रश्न येई : "काय, कुठें निघालांत?" ह्या प्रश्नांत कुचेष्टा नसे, उलट आपुलकीच अधिक असे. उत्तरेंहि ठरलेलीं असत. भाजी आणायला, देवळांत, डॉक्टरांकडे, मुलाच्या शाळेंत, नणंदेच्या घरीं. ह्यांपैकीं कोणतेंहि उत्तर दिलें, कीं विचारणाऱ्याचें समाधान होई आणि जाणाराची वाट मोकळी होई. परंतु एखादी गृहिणी असें म्हणाली असती, कीं "कांहीं काम नाहीं, चौपाटीवर घटकाभर एकटीच बसून येणार आहें", तर विचारणारा क्षणभर गप्प झाला असता, आणि ती जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत तिच्या घरीं कांहींतरी बिनसलें असावें, असा तर्क साऱ्या मजल्यावर फिरूं लागला असता.

आजच्या विषयाचें मूळ ह्या छोट्या प्रसंगांत आहे. एकट्यानें घराबाहेर पडतांना, चारचौघांत एकटें बसतांना, एकट्यानें उपाहारगृहांत शिरतांना किंवा नाटकाचें एकच तिकीट मागतांना पुष्कळांच्या मनाला जो संकोच वाटतो, तो कोठून येतो व त्याचें करावें काय, हा तो विषय होय. हा संकोच भीतीहून निराळा आहे. भीतीला कारण असतें. काळोखी गल्ली, अनोळखी वस्ती, पाठीमागून येणारीं पावलें. संकोचाला असें कारण दाखवितां येत नाहीं. भर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, कोणी कांहीं बोललेलें नसतां माणसाचे हात त्याला एकाएकीं जड वाटूं लागतात. ते कोठें ठेवावेत हेंच त्याला सुचत नाहीं. चाल अवघडते. सगळा रस्ता आपल्याकडेच पाहत आहे, असें वाटूं लागतें. पूर्वीं अशा वेळीं माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे पाही. आतां तो खिशांतला मोबाइल काढून त्यांत डोकें घालतो. साधन बदललें, पण हेतु तोच राहिला. "माझी कोणीतरी वाट पाहत आहे, मी रिकामा नाहीं", एवढेंच त्याला जगाला सांगावयाचें असतें.

ह्या जगाला मराठींत एक नांव आहे : चार लोक. "चार लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. हे चार लोक कोण, ह्याची चौकशी मात्र क्वचितच होते. ती करावयाची, तर मुंबईच्याच इतिहासांतील एका विद्यार्थिनीपासून आरंभ करणें योग्य होईल, कारण तिच्या वांट्याला आलेले चार लोक काल्पनिक नव्हते.

ही विद्यार्थिनी म्हणजे पुढें डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. 1865 सालीं त्यांचा जन्म झाला, नवव्या वर्षीं विवाह झाला, आणि टपाल खात्यांत नोकरी करणाऱ्या गोपाळरावांबरोबर गांवोगांव फिरतां फिरतां त्या कांहीं काळ मुंबईंत राहिल्या. येथें त्या शाळेंत जात असत. अमेरिकेला जाण्यापूर्वीं, 1883 च्या फेब्रुवारींत, बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं इंग्रजींत एक भाषण केलें आणि त्यांत मुंबईच्या ह्या दिवसांचें वर्णन केलें. हातांत पुस्तकें घेऊन त्या रस्त्यानें निघाल्या, कीं लोक खिडक्यांतून माना बाहेर काढीत. कोणी आपली गाडी थांबवून पाहत. कोणी हसत, कोणी ओरडत. पायांत बूट आणि मोजे घालून शाळेला निघालेली ही बाई कोण, आणि हें कलियुगाचेंच लक्षण नव्हे काय, असे उद्गार त्यांच्या कानांवर पडत. बंगालमध्येंहि अनुभव फारसा वेगळा आला नाहीं. त्या फिरावयास गेल्या, कीं तूं कोण, कोणत्या जातीची, कोठून आलीस आणि कोठें चाललीस, असे प्रश्न वाटेंतले अनोळखी गृहस्थ त्यांना विचारीत.

त्या वेळीं आनंदीबाईंचें वय अठरा वर्षांचेंहि पुरतें नव्हतें. 1883 च्या एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्या पतीला मागें ठेवून. 1886 च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या ह्या चरित्राचा गौरव सर्वत्र होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु महासागर ओलांडण्याचें धैर्य जितकें मोठें, तितकेंच घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता रोज चालून जाण्याचेंहि मोठें होतें. आगबोटीचा प्रवास एकदां करावयाचा असतो. खिडक्यांखालून जाण्याचा प्रसंग रोज सकाळीं नव्यानें येतो.

ह्याच शहराच्या दुसऱ्या भागांत निराळें चित्र दिसत होतें. परळ आणि लालबाग येथें कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत कोंकणांतून व घांटावरून आलेल्या हजारों बायकांना काम मिळालें. 1920 नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारें एकपंचमांश स्त्रिया होत्या; वाइंडिंग आणि रीलिंग हीं त्यांचीं प्रमुख खातीं. भोंगा झाला, कीं ह्या बायका घराबाहेर पडत आणि भर रस्त्यानें कामाला जात. त्या कोठें चालल्या आहेत हें विचारण्याचें कारणच उरत नसे. भोंग्यानेंच तें उत्तर सगळ्या वस्तीला देऊन ठेविलेलें असे. गिरगांवांतील मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रीला ज्या वेळीं रस्ता ओलांडण्यास सोबत लागत होती, त्या वेळीं लालबागची कामकरी स्त्री बिनसोबतीनें संसाराचा भार वाहत होती. तिला त्रास होत नसे असें नव्हे. परंतु पोटासाठीं निघालेल्या पावलांना समाज अडवीत नाहीं, कारण अडविणें त्याला परवडत नाहीं.

ह्या दोन चित्रांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. रस्त्यावर येण्यास समाजाची हरकत नसते. कारणावांचून येण्यास असते. कारण हा जणूं परवाना होय. हातांत पिशवी असली, पाठीशीं मूल असलें, खांद्यावर दप्तर असलें, कीं परवाना दिसतो आणि कोणी अडवीत नाहीं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तीन लेखिकांनीं मुंबईच्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून 2011 सालीं "व्हाय लॉयटर?" हें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें आहे, कीं इतर शहरांच्या मानानें मोकळ्या समजल्या जाणाऱ्या मुंबईंतहि स्त्रीला बाहेर वावरतांना आपण कांहीं कामासाठीं निघालों आहों, हें सतत दाखवीत राहावें लागतें. आणि निव्वळ रेंगाळण्याचा, विनाकारण उभें राहण्याचा हक्क तिला मिळत नाहीं, तोंवर शहर तिचें झालें असें म्हणतां येणार नाहीं. हें वाचून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. परंतु नाक्यावर, पानाच्या दुकानाशीं, कट्ट्यावर तासन् तास उभ्या असलेल्या पुरुषांना आपण कधीं कारण विचारतों काय, हा प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारून पाहावा.

अर्थात् पुरुष ह्या संकोचापासून मुक्त आहेत, असेंहि नाहीं. पुरुषाचा परवाना म्हणजे त्याचा रोजगार. 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईच्या गिरण्यांत सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढें अनेकांच्या हातांतून काम कायमचें गेलें. ज्याचा सारा दिवस पाळीच्या वेळेवर बेतलेला होता, त्या माणसाला भर दुपारीं रिकाम्या हातानें नाक्यावरून जातांना काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. निवृत्त झालेला कारकून, पत्नीच्या मागें एकटा राहिलेला वृद्ध, परगांवाहून आलेला विद्यार्थी, परित्यक्ता, अविवाहित प्रौढा, ह्या सर्वांना हाच अनुभव निरनिराळ्या रूपानें येतो. एकटें असणें म्हणजे कोणाला तरी नकोसें असणें, अशी एक समजूत आपल्या मनांत खोल रुजलेली आहे. एकट्यानें जेवावयास बसलेल्या माणसाला भूक लागलेली असते; पाहणाऱ्याला मात्र त्याला कोणी नाहीं असें वाटतें. निदान, पाहणाऱ्याला तसें वाटत असेल, असें त्या जेवणाऱ्याला वाटतें.

ह्या शेवटच्या वाक्यांतच सगळी गोम आहे. पाहणाऱ्याला खरोखर तसें वाटतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञांनीं केला आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक साधा प्रयोग केला; त्याचा वृत्तांत 2000 सालीं प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला, अंगावर घालण्याची लाज वाटेल असें चित्र असलेला सदरा घालावयास देऊन, इतर विद्यार्थी बसलेल्या खोलींत पाठविण्यांत आलें. नंतर त्याला विचारलें, कीं किती जणांच्या लक्षांत तें चित्र आलें असेल? ह्या प्रयोगांत भाग घेणाऱ्यांचा अंदाज सरासरीनें सुमारें निम्म्यांचा होता. प्रत्यक्षांत ज्यांच्या लक्षांत तें आलें होतें, त्यांची संख्या सुमारें चौथाईच निघाली. रंगभूमीवरील प्रकाशझोत आपल्यावरच रोखलेला आहे असें प्रत्येकाला वाटत असतें. वस्तुतः जो तो आपापल्या झोतांत उभा असतो, आणि दुसऱ्याकडे पाहण्यास त्याला फुरसत नसते.

दुसरा अभ्यास तर आपल्या विषयाच्या अगदीं मर्मावरच बोट ठेवणारा आहे. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन ह्या दोन संशोधिकांनीं 2015 सालीं असें दाखविलें, कीं मनोरंजनाच्या ठिकाणीं एकट्यानें जाण्याचें लोक टाळतात, कारण आपल्याला कोणी मित्र नाहीं असें इतरांना वाटेल, अशी त्यांची धास्ती असते. त्यांनीं कांहीं लोकांना एका चित्रदालनांत नेलें. कोणी एकटे गेले, कोणी सोबतीनें. एकट्यानें गेल्यास आनंद कमी मिळेल, असा लोकांचा आधीचा अंदाज होता. चित्रें पाहून बाहेर आल्यावर मात्र एकट्यांचा आणि सोबतीनें गेलेल्यांचा आनंद जवळजवळ सारखाच भरला. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली : करमणुकीला कामाचें थोडेंसें रूप आलें, कीं एकट्यानें जाण्याचा संकोच कमी होतो. म्हणजे गिरगांवच्या जिन्यावरील तो प्रश्न आणि हातांतली ती पिशवी, ह्यांचा परिणाम साता समुद्रांपलीकडच्या माणसांवरहि तसाच होतो.

तेव्हां चार लोकांविषयीं पहिला निष्कर्ष असा, कीं ते बहुतांशीं आपल्याच मनांत वस्तीला असतात. मुंबईसारख्या शहरांत तर हें विशेषच खरें आहे. अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञानें 1963 सालच्या आपल्या ग्रंथांत शहरी माणसांची एक रीत वर्णिली आहे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे क्षणभर पाहावयाचें, त्याचें अस्तित्व मान्य करावयाचें, आणि लगेच नजर काढून घेऊन त्याला त्याच्या वाटेनें जाऊं द्यावयाचें. ह्याला सभ्य दुर्लक्ष म्हणतां येईल. दादर स्टेशनच्या पुलावर सकाळीं नऊ वाजतां जो कोणी उभा राहील, त्याला ह्या दुर्लक्षाची थोरवी कळेल. हजारों माणसें एकमेकांना खांदा घांसून जातात, पण कोणी कोणाला कोठें निघालांत म्हणून विचारीत नाहीं. ह्याला माणुसकीचा अभाव म्हणण्याची चाल आहे. वास्तविक, ज्याला आपला जिना आणि आपली आळी ह्यांनीं कधीं एकटें सोडलें नाहीं, त्याला ह्या शहरानें दिलेली ती मोकळीक आहे. गिरगांव-दादरच्या कांहीं जुन्या उपाहारगृहांत गर्दीच्या वेळीं एकाच टेबलाशीं अनोळखी माणसें बसवितात. त्यांत एकटा जेवणारा वेगळा दिसतच नाहीं. सगळेच एकटे असतात आणि सगळेच सोबतीला असतात.

परंतु येथें सावधपणें बोललें पाहिजे. संकोच हा केवळ मनाचा खेळ आहे, असें म्हणून स्त्रियांची समजूत घालणें अन्यायाचें होईल. आनंदीबाईंना दिसलेल्या खिडक्या खऱ्या होत्या, आणि आजहि एकट्या मुलीच्या पाठोपाठ येणारा माणूस, गर्दीचा फायदा घेणारा हात, नाक्यावरून फेंकलेला शेरा, हे खरेच असतात. म्हणूनच 1992 सालच्या मे महिन्यांत चर्चगेटहून बोरिवलीला खास स्त्रियांची लोकल गाडी सुरू करावी लागली. कोणाचा सतत पाठलाग करणें हा 2013 पासून आपल्या कायद्यानें स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे, आणि 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो गुन्हा कायम आहे. अशा प्रसंगीं लाजून घरीं परतण्याचें कारण नाहीं. 112 ह्या क्रमांकावर पोलिसांना बोलावितां येतें. लाज कोणाला वाटावी, ह्याविषयींचा आपला घोटाळा दूर झाला पाहिजे. पाठलाग करणाऱ्याला ती वाटत नाहीं आणि जिचा पाठलाग होतो तिला वाटते, ही उलटी रीत आहे.

मग भीती आणि संकोच ह्यांची निवड कशी करावी? एक साधी कसोटी पुष्कळदां उपयोगी पडते. त्याच जागीं, त्याच वेळीं, एखादी मैत्रीण सोबत असती तर धोका कमी झाला असता काय, कीं केवळ अवघडलेपण कमी झालें असतें? धोका कमी झाला असता असें वाटलें, तर मनाचें ऐकावें आणि जागा बदलावी. केवळ अवघडलेपणच जाणार असेल, तर तेथेंच थोडा वेळ थांबावें. कारण संकोचाचा एक स्वभाव आहे : त्याला पाठ दाखविली, कीं तो वाढतो, त्याच्यासोबत कांहीं वेळ बसलें, कीं तो कंटाळून निघून जातो. पहिलीं दहा मिनिटें कठीण जातात. पुढच्या खेपेस पांचच जातात.

आरंभ सोप्या जागेपासून करावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या वाचनालयांत एकटें बसलेल्या माणसाला कोणी कारण विचारीत नाहीं; पुस्तक हाच तेथला परवाना. तेथून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर यावें. 1925 सालीं लोकांसाठीं खुल्या झालेल्या ह्या मैदानाभोंवतीं एक किलोमीटरहून अधिक लांबीचा कट्टा आहे, आणि त्यावर नुसतें बसणें हेंच तेथें येण्याचें कारण मानलें जातें. मग एखाद्या दुपारीं नाटकाचें एकच तिकीट काढून पाहावें. दोघांना न मिळणारी चांगली खुर्ची एकट्याला पुष्कळदां मिळून जाते. नंतर उपाहारगृह. आणि सर्वांत शेवटीं, हातांत पिशवी, पुस्तक किंवा मोबाइल न धरतां, चौपाटीवर सूर्यास्त होईपर्यंत बसणें. हें शेवटचें दिसतें तितकें सोपें नाहीं.

ह्या कामीं घरच्या माणसांचेंहि एक कर्तव्य आहे. सून, मुलगी किंवा वृद्ध आई "जरा बाहेर जाऊन येतें" असें म्हणाली, तर "कशाला?" ह्या प्रश्नाऐवजीं "परत केव्हां येशील?" एवढेंच विचारावें. काळजी दोन्ही प्रश्नांत सारखीच आहे. पण पहिल्यांत परवाना मागितलेला असतो, दुसऱ्यांत वाट पाहण्याचें आश्वासन असतें. मोठ्या मुलाला एकट्यानें बाहेर पाठवितांना आपण त्याच्या धीटपणाचें कौतुक करतों. तेंच कौतुक मुलीच्या वांट्याला आलें, तर तिला पुढें चार लोकांची गणती करीत बसावें लागणार नाहीं.

कारण हे चार लोक अखेर आपणच असतों. रस्त्यानें जाणाऱ्या मुलीकडे खिडकींतून मान काढून पाहणारे, गाडी थांबविणारे, हसणारे, हे कोणी परके नव्हते. ते तिच्याच शहरांतले, बहुधा तिच्याच भाषेंतले प्रतिष्ठित गृहस्थ होते. दुसऱ्या कोणाच्या खिडकीखालून आपण अवघडून जातों, तसेंच आपल्या खिडकीखालूनहि कोणीतरी जात असतें. सायंकाळीं समोरच्या कट्ट्यावर एखादी स्त्री एकटीच बसलेली दिसली, तर तिच्या घरीं काय बिनसलें असेल, असा तर्क न करतां, तिला समुद्राचा वारा आवडत असेल, एवढेंच समजून नजर काढून घ्यावी. तिचा अर्धा संकोच तेवढ्यानें जाईल. उरलेला अर्धा ती स्वतः घालवील.